माळ्यावर न चढलेली यंत्रं

साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे एका बोळात आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर मिक्सर, कुकर, इस्त्री, पंखे असं सगळं लिहिलंय. दुकान सासऱ्यांनी काढलं, आता मी आणि धाकटे दीर बघतो. पंखे त्यांच्याकडे, कारण पंख्याला शिडी लागते आणि मला चार पायऱ्या वर गेलं की गरगरतं. मिक्सर-कुकर माझ्याकडे. बाईमाणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलंय म्हटल्यावर आधी लोक थबकायचे. आता उलट बायका दिरांना बाजूला सारून थेट माझ्या टेबलाशी येतात. त्यांना नुसता बिघाड सांगायचा नसतो, आदल्या रात्री काय वाटत होत्या तेही सांगायचं असतं.

आणि ते मला लागतंच. मिक्सरचं भांडं उलटं करून नाकाशी धरलं की घर कळतं. पात्याखाली तांबडा चिकट थर आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास असला की रोज कांदा-लसूण मसाल्याचं वाटण पडणारं घर. कडेला इडलीचं पीठ वाळून पांढरं धरलेलं असलं की घरात शाळेची पोरं आहेत. शेंगदाण्याचं तेल खवट होऊन झाकणाच्या रबराला बसलेलं असलं तर तिथे कुणीतरी सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरतंय.

या टेबलावरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. दुरुस्तीला येतं ते वापरातलं. जे वापरत नाहीत, ते बिघडतही नाही. लग्नात आलेला रोटी मेकर, दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला एअर फ्रायर, ज्यूसर, सँडविचचं मशीन, अंडी उकडायचं यंत्र, यातलं माझ्याकडे कधीमधीच काही येतं. ती मजबूत असतात असं नव्हे. ती खोक्यासकट माळ्यावर असतात. ओट्यावर जागा मिळवून टिकली ती यंत्रं मोजकीच आहेत, आणि ती का टिकली हे बघण्यासारखं आहे.

पहिला मान मिक्सरचा. आज प्रत्येक ओट्यावर तो असतो, पण आपल्या वाटणाला पुरा पडेल असा मिक्सर या देशात तयार व्हायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी जे होते ते परदेशी, फळांचा रस आणि केकचं पीठ फिरवण्यासाठी केलेले. त्यात सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली उडदाची डाळ घातली की मोटर जळायची. मुंबईत सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये इंजिनीअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला. मग माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल अशी दणकट मोटर बनवायचं मनावर घेतलं, आणि त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला. पुढे कित्येक वर्षं लोक दुकानात जाऊन मिक्सर मागत नसत, सुमीतच मागत. त्या काळातले काही अजून माझ्याकडे येतात. वजनाला जड, आवाज गिरणीसारखा, पण कार्बन बदलला की पुन्हा सुरू.

हे कार्बन म्हणजे काय ते सांगते, कारण निम्मी भीती तिथेच असते. मिक्सरच्या मोटरमध्ये मधला भाग फिरतो, आणि त्याला वीज पोचवण्यासाठी दोन बाजूंनी कोळशाच्या दोन छोट्या कांड्या स्प्रिंगने दाबून धरलेल्या असतात. मोकळी मोटर मिनिटाला १८ ते २० हजार फेरे मारते. इतकं घासल्यावर कांड्या झिजणारच. झिजल्या की खालच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, मोटर अडखळत चालते आणि एक दिवस बंद पडते. घरात रडारड होते की नवीन मिक्सर घ्यावा लागणार. खर्च असतो तो दोन कांड्यांचा.

दुसरा नेहमीचा प्रकार. मागच्या उन्हाळ्यात कोडोलीकडच्या एक मावशी पिशवीतून मिक्सर घेऊन आल्या. “ताई, ह्यो नुसता गुरगुरतोय बगा, फिरंना.” मी भांडं काढून बाजूला ठेवलं आणि मोटर मोकळी चालवली. छान फिरली. म्हणजे दोष मिक्सरचा नव्हताच. भांडं उलटं करून खालची चकती बोटाने फिरवली, तर हलेना. पात्याच्या दांड्याभोवती पितळी बुश असतं, त्यात मसाल्याचा गाळ जाऊन दगड झाला होता. गरम पाणी, थोडं तेल, अर्धा तास. मावशींनी तेवढ्यात शेजारून चहा आणवला आणि आपल्या सुनेबद्दल बरंच सांगितलं, ते इथे नको.

ही तपासणी घरी कुणालाही करता येते. भांडं काढा, मोकळी मोटर चालवा. चालली तर भांडं बघा, नाही चालली तर मिक्सरच्या बुडाला हात लावा. तिथे एक छोटं लाल बटण असतं. भार जास्त झाला, मोटर तापली की ते स्वतःहून बाहेर येतं आणि वीज तोडतं. मिक्सर बंद करायचा, भांड्यातला माल कमी करायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, बटण आत दाबायचं. एवढंच. मिक्सर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन परत आणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि बिघाड होता तो हे बटण.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही असं झालं तर कपलर गेला. मोटरवर जी काळी दातेरी चकती असते ती. लोक चिडतात, “एवढं महाग मशीन आणि हा भाग प्लास्टिकचा!” पण तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. पात्यात काही अडकलं तर स्वस्तातला कपलर तुटावा, महागातली मोटर वाचावी, असा हिशेब आहे. लोखंडाचा कपलर बसवून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते.

चवीचा प्रश्न मात्र खरा आहे. पाट्यावरचं वाटण आणि मिक्सरचं वाटण एक नव्हे. वरवंटा चिरडतो, पातं कापतं. चिरडल्यावर मिरचीचा, लसणीचा रस आणि तेल बाहेर येऊन एकमेकांत मुरतं. पातं बारीक तुकडे करतं, हवा घुसळतं आणि वेगामुळे माल तापवतं. लवंग, दालचिनी, धणे यांचा वास म्हणजे उडून जाणारी तेलं. भांडं हाताला गरम लागलं की ती उडाली समजा. म्हणून सुका मसाला एका दमात फिरवू नये. बटण उलट्या बाजूला वळवून सोडून द्यायचं, पुन्हा वळवायचं, मध्ये झाकण उघडून चमच्याने हलवायचं. दाण्याच्या कुटाला तर ही एकच रीत. सरळ एक नंबरवर ठेवलात तर कुटाचा लगदा होतो आणि खिचडी चिकटते. ओल्या वाटणात थंड पाणी घाला, इडलीच्या पिठात फ्रिजमधलं. वर्षाच्या मसाल्याची भाजलेली मिरची किलोकिलोने मिक्सरमध्ये घालू नका. साताऱ्यात मसाला कुटायचे डंक अजून चालू आहेत. एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे जळक्या मोटरींची रांग लागते, त्या आणणाऱ्या बऱ्याच जणी डंकापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात.

कुकरचं प्रकरण वेगळं. मिक्सर बिघडला की आवाज करतो, कुकर बिघडला तरी निमूट शिजवत राहतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही.

बंद भांड्यात वाफ कोंडली की पाण्याचा उकळबिंदू चढतो, ही कल्पना साडेतीनशे वर्षांची जुनी आहे. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं केलं आणि त्यात हाडंसुद्धा मऊ शिजवून दाखवली. भांडं फुटू नये म्हणून वजन ठेवलेली झडपही त्यानेच लावली. आपल्या शिट्टीचं मूळ तिथलं. आपल्याकडे १९५९ साली मुंबईत हॉकिन्स सुरू झाली, त्याच सुमारास दक्षिणेत प्रेस्टीजचे कुकर निघू लागले, आणि हळूहळू चुलीवर तासभर रटरटणारी डाळ इतिहासजमा झाली.

साताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. इथे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९७-९८ लाच उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे ९५-९६ ला. शाळेच्या सहलीत डाळ का शिजेना म्हणून गुरुजी चुलीत लाकडं सारत बसायचे. कितीही जाळ केला तरी उकळत्या पाण्याचं तापमान तिथून वर सरकत नाही. कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त होतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. सगळी जादू त्या वीस-बावीस अंशांची.

आता शिट्ट्यांबद्दल. “तीन शिट्ट्या काढल्या तरी डाळ कच्ची, कुकर बघा,” असं म्हणत कुकर आला की मी आधी विचारते, गॅस मोठा होता का? शिट्टी वेळ मोजत नाही. आतला दाब वजनापेक्षा जास्त झाला, वजन उचललं गेलं, वाफ सुटली, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या दोन-तीन मिनिटांत उरकतात, बारीक आचेवर दहा मिनिटं लागतात. त्याच तीन शिट्ट्या, डाळ मात्र एकदा कच्ची आणि एकदा गरगट. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ बघायचं. भिजवलेली तुरीची डाळ डब्यात असेल तर ८ ते १० मिनिटं. पुढे आच मोठी ठेवून डाळ लवकर होत नाही, कारण आतलं तापमान तेवढंच राहतं. जास्तीचा गॅस वाफ होऊन खिडकीतून जातो. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, ती मिनिटंही शिजण्यातलीच असतात. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ काढणारे फरशीवरच्या डाळीच्या पिवळ्या शिंतोड्यांवरून ओळखता येतात.

थेट कुकरमध्ये डाळ लावत असाल तर अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीला फेस येतो, फेसाबरोबर सालं वर जातात आणि शिट्टीखालच्या नळीत अडकतात. चमचाभर तेल घातलं की फेस बसतो. नळी पुरती बंद झाली की दाबाला दुसरी वाट राहते ती सेफ्टी व्हॉल्व्हची. बहुतेक कुकरांत त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. पाणी आटून कुकर कोरडा तापला की तो वितळतो आणि वाफ निघून जाते. हा भाग एकदा गेला की बदलायचाच. त्या भोकात एम-सील भरून आणलेला एक कुकर मी पाहिला आहे. घरात दोन लहान मुलं होती. नवा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय मी तो परत नेऊ दिला नाही, आणि मालक माझ्यावर रागावून गेले. रागावोत.

रिंगेचं सोपं आहे. रोज काढून धुवा, झाकणात अडकवून ठेवू नका. सैल झाली तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून त्या दिवसाचं काम भागतं, पण हाताला कडक, तडकलेली लागली की नवी आणा. कणकेची वळी लावून वाफ अडवायचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तो आता पुरे. आणि तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की ॲल्युमिनियम काळं पडत नाही.

बाकी छोटी यंत्रं मी यंत्रंच मानते, वीज लागो न लागो. गॅसचा लायटर घ्या. त्यात ना बॅटरी, ना पेट्रोल. खटका दाबला की आतली स्प्रिंगची हातोडी एका खास सिरॅमिकवर आपटते, आणि दाब पडताच त्यातून वीज निघते. १८८० मध्ये क्युरी बंधूंनी स्फटिकांचा हा गुण शोधला. त्यातला पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरींचा नवरा. लायटर पेटेना झाला तर बहुतेक वेळा टोकाला तेलकट ओल असते. कोरड्या फडक्याने पुसून बघा. फोडणीच्या कढईशेजारी तो टांगू नका.

पुरणयंत्र होळीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे येतं, दांडा गंजून फिरेनासा झालेला. वर्षभर ओलं ठेवलेलं असतं. पुरण गरम असताना त्यातून लोण्यासारखं उतरतं, गार झालं की मनगट जातं. मिक्सरमध्ये फिरवलेलं पुरण चिकट होतं आणि पोळी फुटते, असं माझं मत आहे. माझ्या जावेचं नाही. सोऱ्या पितळी असेल तर जपा, त्याचे आटे नव्या पत्र्याच्या सोऱ्यांना येत नाहीत. दोरी ओढायचा चॉपर हा अलीकडचा. उसळीच्या कांद्याला ठीक, पण कोशिंबिरीला नको, कांदा ठेचून पाणी सुटतं. तरीही ज्यांची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत अशा आजींच्या हातात मी तो पाहिला आहे आणि त्यांच्यापुढे विळीचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही.

आमच्या घरात सासूबाई पाट्यावर वाटत. मिक्सर आला तेव्हा त्यांनी महिनाभर त्याला हात लावला नाही. मग एका आषाढात त्यांच्या गुडघ्याने संप केला आणि त्या दिवसापासून पाटा परसात, मिक्सर ओट्यावर. पण घरात खरा बदल केला तो कुकरने, मिक्सरने नव्हे. पाट्यावर दिरांनी कधी वाटलं नाही, मिक्सरमध्येही क्वचितच. कुकर मात्र ते लावतात. माझा मुलगा नववीपासून लावतो. तांदूळ धुवायचे, एक वाटीला दोन वाट्या पाणी, डबे रचायचे, झाकण फिरवायचं. यात हातखंडा लागत नाही, म्हणून “मला येत नाही” म्हणायची सोय राहत नाही. मी दुकानातून रात्री आठला घरी येते तेव्हा भात-वरण तयार असतं. भाकरी अजून मीच करते. भाकरीचं यंत्र बाजारात आहे, माझ्याकडे ते आजवर दुरुस्तीला आलेलं नाही.

मग माळ्यावर जातं ते का जातं? माझं निरीक्षण असं, की आपण यंत्र घेताना ते किती लवकर करतं हे बघतो, आणि वापरताना ते किती वेळ धुवावं लागतं हे बघतो. दोन गाजरं किसायला फूड प्रोसेसरचे पाच भाग जोडायचे, मग पाचही घासायचे, सुकवायचे, कपाटात परत बसवायचे. त्यापेक्षा किसणी बरी. रोटी मेकरची पोळी कडक होते, आणि ती गरम करायला शेवटी तवा ठेवावाच लागतो. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. पापड, मखाणे, भाजलेली भेंडी त्यात सुरेख होते, दोघांच्या संसाराला उपयोगीही आहे. पण सातजणांच्या घरात एका वेळी मूठभर भेंडी कुणाला पुरणार? आणि बटाटेवडा त्यात करून “तळल्यासारखाच लागतो” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे जेवायला जात नाही. इंडक्शनची शेगडी मात्र टिकणार, गॅस संपल्याच्या रात्री तिची किंमत कळते. फक्त भांडं घेताना बुडाला चुंबक लावून बघा. चिकटलं तरच ते तापेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर ढिम्म राहतो.

नवीन काही घेणार असाल तर दुकानदाराला वॉट आणि रंग विचारण्याआधी एक विचारा: याचा कपलर, कार्बन, रिंग इथे गावात मिळते का? “कंपनीकडे पाठवावं लागेल” असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. कुकरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २३४७ हा आकडा बघूनच घ्या. २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी बिनशिक्क्याचे कुकर माझ्या टेबलावर अजून येतात.

आणि उद्या सकाळी कुकर लावण्याआधी एक काम करा. शिट्टी काढा, झाकण उजेडाकडे धरा आणि नळीच्या भोकातून आरपार दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर तार घालून नळाखाली धुवा, पुन्हा बघा. उजेड दिसल्यावरच झाकण लावा.